भुसा दिसतो, धूळ दिसत नाही

वाचकहो, मागील लेखात आपण दम्याच्या रुग्णाने इनहेलर कसा वापरावा याची माहिती घेतली. तो लेख वाचून चामोर्शी भागातील एका सुतारबांधवाने मला विचारले, "डाक्टरसाहेब, औषधानं बरं वाटते, पण मशीनपाशी उभं राह्यलं का छाती पुन्हा भरते. मंग धंदाच सोडाचा का?" हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. लाकडाचे काम करणाऱ्या पुष्कळांच्या मनात तो असतो. म्हणून आज लाकडाच्या धुळीची आणि ती आवरण्याच्या उपायांची थोडी सविस्तर माहिती घेऊ.

आपला गडचिरोली आणि शेजारचा चंद्रपूर हे दोन्ही जिल्हे सागवानाचे. आलापल्लीच्या सागाची कीर्ती जुनी आहे. बल्लारपूरच्या आगारातून २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेले, हेही वाचकांना ठाऊक आहे. हे लाकूड चिरणारा, रंधणारा आणि घासणारा माणूस मात्र आपल्याच गावात राहतो. मार्कंडा, चामोर्शी, घोट, आष्टी या पट्ट्यात पत्र्याच्या शेडमध्ये दरवाजे, चौकटी, पलंग आणि दिवाण करणारी कितीतरी दुकाने आहेत. आरागिरण्या वेगळ्याच. या ठिकाणी दिवसाचे आठ-दहा तास जे नाकातोंडात जाते, त्याचा विचार फारसा होत नाही.

काही जण म्हणतात, "आमचे आजोबाही सुतारच होते, त्यांना काही झाले नाही." या म्हणण्याचे उत्तर हत्यारांत आहे. आजोबा वाकसाने तासत आणि हाताच्या रंध्याने रंधत. वाकसाच्या ढलप्या निघत, रंध्याचे गुंडाळलेले छिलके पायाशी पडत. आज विजेवर फिरणारी करवत, राऊटर आणि सँडर आले. त्यांतून ढलपी निघत नाही, पीठ निघते. लाकूड तेच असले, तरी माणसाच्या छातीपर्यंत पोहोचणारा वाटा अनेक पटींनी वाढला.

धूळ किती बारीक असते?

धुळीचा कण मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. करवतीखाली साचणारा भुसा यापेक्षा कितीतरी मोठा. तो डोळ्यांना दिसतो आणि लगेच खाली बसतो. शंभर मायक्रॉनचा कण नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला काही सेकंदच घेतो. दहा मायक्रॉनच्या कणाला त्याच उंचीवरून खाली यायला सात-आठ मिनिटे लागतात. एक मायक्रॉनचा कण तर स्थिर हवेतसुद्धा दहा-बारा तास तरंगत राहू शकतो, आणि कामाच्या जागी हवा स्थिर कधीच नसते.

याचा अर्थ असा की मशीन बंद करून कारागीर तिथेच डबा उघडून जेवायला बसतो, तेव्हा भुसा खाली बसलेला असतो, पण बारीक धूळ अजून हवेतच असते. कवेलूच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली की तिच्यात हे कण नाचताना दिसतात. तिरीप नसली तरी ते असतातच.

श्वासाबरोबर गेलेल्या कणांपैकी मोठे कण नाकात अडकतात, मध्यम कण श्वासनलिकांत, आणि चार-पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसांच्या अगदी शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात. लाकडाच्या धुळीचा बराच भाग नाकात आणि श्वासनलिकांत थांबतो. त्यामुळे तिचे आजारही मुख्यतः याच दोन जागी होतात.

या धुळीने काय होते?

पहिला त्रास कातडीला आणि डोळ्यांना. सागाच्या गाभ्याला सहसा वाळवी लागत नाही, कारण त्यात कीटकांना न मानवणारी द्रव्ये असतात. त्याच जातीच्या द्रव्यांनी काहींच्या हाताला, मानेला, पापण्यांना खाज सुटते, पुरळ उठते. शिसमाच्या धुळीनेही असे होते. अशी ॲलर्जी एकदा जडली की पुढे थोड्या धुळीनेही त्रास होतो.

दुसरा त्रास नाकाचा. सारख्या शिंका, नाक चोंदणे, वास कमी येणे, मधूनमधून नाकातून रक्त येणे.

तिसरा त्रास छातीचा. रात्री किंवा पहाटे खोकला, छातीत घरघर, जिना चढताना धाप. हा कामातून आलेला दमा असू शकतो. तो लवकर ओळखला आणि धूळ थांबवली, तर बरा होण्याची किंवा पुष्कळ आटोक्यात येण्याची शक्यता चांगली असते. वर्षानुवर्षे धूळ खात राहिल्यास मात्र पुढे काम सोडूनही दमा सुटत नाही.

चौथा आजार विरळ आहे, पण तो माहीत असावा. इंग्लंडमध्ये हाय वायकोम नावाचे गाव खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. तेथील नाक-कान-घशाच्या तज्ज्ञ डॉ. एस्थर हॅडफील्ड यांच्या लक्षात आले, की नाकाच्या आतील एका विशिष्ट प्रकारच्या कर्करोगाचे रुग्ण बहुतेक फर्निचरचे कारागीर आहेत. डॉ. डोनाल्ड अ‍ॅचिसन, डॉ. हॅडफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. धुळीत काम सुरू केल्यापासून रोग दिसेपर्यंत बहुधा चाळीसेक वर्षे गेलेली असत. त्यामुळे कामाचा आणि रोगाचा संबंध कोणाच्या ध्यानात आला नव्हता. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. सर्वसाधारण सुताराने यामुळे घाबरून जाऊ नये, हा रोग थोड्यांनाच होतो. पण आज अठराव्या वर्षी सँडर हातात घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत पुढच्या चाळीस वर्षांचा विचार आजच करावा लागतो.

किती धूळ चालेल? युरोपीय देशांत कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा २०२३ पासून घनमीटरमागे २ मिलिग्रॅम आहे. हे प्रमाण आपल्या मापात पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे त्या खोलीत तांदळाच्या दोन-अडीच दाण्यांच्या वजनाइतकी बारीक पूड हवेत पसरली, की मर्यादा गाठली. सँडर एका फळीवर फिरवला तरी मूठभर पीठ निघते.

आजार कामातला आहे, हे कसे ओळखावे?

इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवर मोठा ग्रंथ लिहिला. रुग्णाला इतर प्रश्नांबरोबर "तुझा धंदा कोणता?" हेही विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. वाचकांना माझी विनंती आहे, की डॉक्टर हा प्रश्न विचारायला विसरले तर आपणच सांगावे.

माझ्याकडे येणाऱ्या चाळिशीतल्या एका कारागिराचे उदाहरण देतो. त्यांची दोन एकर धानाची शेती आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रोवण्याच्या दिवसांत ते दुकान बंद ठेवून शेतात असत, आणि त्या काळात चिखलपाण्यात दिवसभर वाकूनही त्यांना खोकला नसे. दिवाळीनंतर लग्नसराईची कामे सुरू झाली, की पंधरा दिवसांत खोकला हजर. घरच्यांना वाटे, थंडी बाधते. मी त्यांना फुंकर मोजण्याचे छोटे यंत्र, म्हणजे पीक फ्लो मीटर, देऊन दिवसातून चार वेळा आकडे लिहायला सांगितले. तीन आठवड्यांच्या वहीत चित्र स्पष्ट झाले. बाजाराच्या सुटीच्या दिवशी आकडा वर, घासकामाच्या दिवशी संध्याकाळी खाली. औषध तर दिलेच, पण खरा फरक त्यांनी दुकानात धूळ ओढण्याची सोय केल्यावर पडला.

एक गोष्ट मात्र विसरू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर तो धुळीचाच आहे असे गृहीत धरू नये. क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी आधी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

धूळ जिथे जन्मते तिथेच धरावी

घरच्या घरी एक प्रयोग करून पाहा. पेटती मेणबत्ती हातभर अंतरावर धरून फुंकर मारा, ती विझते. आता तेवढ्याच अंतरावरून हवा आत ओढून ती विझवून दाखवा. ज्योत हलणारसुद्धा नाही. ओठांजवळ आणली तरच ती वाकते. फुंकलेली हवा एका दिशेने दूर जाते, ओढलेली हवा चहूबाजूंनी येते आणि तिचा जोर तोंडापाशीच संपतो. ओढणाऱ्या नळीचेही असेच आहे. नळीच्या तोंडाचा जेवढा व्यास, तेवढ्याच अंतरावर हवेचा वेग तोंडापाशी असलेल्या वेगाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर येतो. चार इंची नळी कामापासून फूटभर दूर ठेवली, तर ती केवळ वीज खाते.

धूळ ओढण्याच्या व्यवस्थेचे चार भाग असतात.

पहिला भाग म्हणजे तोंड, ज्याला हूड म्हणतात. ते धूळ उडण्याच्या दिशेत आणि शक्य तितके जवळ हवे. गोल करवतीचे दाते भुसा टेबलाखाली फेकतात, म्हणून हूड टेबलाखाली. खरादावर ते कामाच्या मागच्या बाजूला, कारागिराच्या चेहऱ्यापासून दूर. फ्रान्समध्ये साँ-क्लोद नावाचे गाव तंबाखू ओढण्याच्या लाकडी पाईपांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. तिथे ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाची गाठ कोरून, घासून पाईप करतात. असली लहान वस्तू हातात धरून नाकापासून वीतभर अंतरावर घासावी लागते. अशा कामात ओढणारे तोंड घासण्याच्या चाकालाच चिकटून हवे. आपल्याकडे देव्हाऱ्याचे खांब, पलंगाचे पाय किंवा खेळणी करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

दुसरा भाग नळी. तिच्यातून हवा सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने जायला हवी. वेग कमी पडला तर भुसा नळीत बसतो आणि ती तुंबते. म्हणून नळी आखूड, सरळ, आतून गुळगुळीत आणि कमीत कमी वळणांची असावी.

तिसरा भाग धूळ वेगळी करणारा. राईस मिलच्या छपरावर उलट्या शंकूच्या आकाराचा पत्र्याचा मोठा डबा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला सायक्लोन म्हणतात. धुळीची हवा त्यात कडेने शिरते आणि भोवऱ्यासारखी फिरते. जड कण भिंतीवर आपटून खाली घसरतात, हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. धानाचा कोंडा अडवणारी ही युक्ती लाकडाचा भुसाही अडवते. लहान दुकानासाठी वीस लिटरच्या डब्यावर बसवायचे छोटे सायक्लोनही मिळतात. मात्र दहा मायक्रॉनखालची पुष्कळ धूळ सायक्लोनमधून निसटते. तिच्यासाठी पुढे घट्ट विणीच्या कापडाची गाळणपिशवी हवी. पिशवीवर धुळीचा पातळ थर बसला की ती अधिक चांगली गाळते. थर जाड झाला की ओढ मंदावते, तेव्हा ती बाहेर नेऊन झटकावी. पिशवी दुकानाच्या आत टांगली, तर तिच्यातून सुटणारी बारीक धूळ आपल्याच नाकात येते. म्हणून ती शक्यतो शेडबाहेर असावी.

चौथा भाग पंखा. इथे बरेच जण फसतात. भिंतीतला साधा एक्झॉस्ट पंखा खोलीतील हवा बदलू शकतो, पण लांब नळीतून आणि पिशवीतून हवा खेचण्याचा दाब त्याच्यात नसतो. त्यासाठी ब्लोअर लागतो. चार इंची नळीत वर सांगितलेला वेग ठेवायचा, तर ताशी साडेपाचशे घनमीटरहून थोडी अधिक हवा ओढावी लागते. ब्लोअर घेताना दुकानदाराला हा आकडा विचारावा, केवळ मोटारीचा अश्वशक्तीचा आकडा पाहू नये. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला समोरच्या बाजूला खिडकी किंवा दार उघडे हवे.

व्यवस्था काम करते की नाही, हे पाहण्याचे दोन सोपे उपाय आहेत. काम सुरू करण्यापूर्वी, जागा झाडून पुसून स्वच्छ असताना, ब्लोअर चालू करून हूडपाशी पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ आत जायला हवा. नंतर उदबत्ती नीट विझवा. अंधार पडल्यावर मशीन चालू करून कामाच्या जागेवर टॉर्चचा झोत टाका आणि झोताच्या समोरच्या बाजूने, पण डोळ्यांवर उजेड न घेता पाहा. दिवसा न दिसणारी धूळ किती उडते आणि कुठे जाते, ते तुम्हालाच दिसेल.

धूळ उगमापाशीच धरण्याची ही गोष्ट नवी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या चौदाव्या कलमात स्पष्ट म्हटले होते, की धूळ ओढण्याचे साधन लागत असेल तर ते धूळ निघण्याच्या जागेच्या शक्य तितके जवळ लावावे आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. आता कामगारांच्या सुरक्षेची आणि आरोग्याची २०२० ची नवी संहिता आली आहे. पण चार-पाच माणसांच्या दुकानाला कारखान्याचे नियम लागत नाहीत. तिथे मालकही बहुधा त्याच धुळीत उभा असतो. म्हणून हे काम त्यानेच मनावर घ्यायचे आहे.

पंखा, कूलर आणि रुमाल

आपल्याकडचा उन्हाळा कडक असल्याने दुकानात फर्राटा पंखा किंवा कूलर लावतात. तो कारागिराच्या पाठीमागे असेल, तर धूळ त्याच्या तोंडाजवळ घोटाळत राहते. समोर असेल तर थेट नाकात येते आणि मागे काम करणाऱ्यालाही मिळते. पंखा बाजूने लावावा, आणि हवा उघड्या दाराकडे जाईल असा लावावा.

नाकावर बांधलेला रुमाल भुसा अडवतो, बारीक धूळ अडवत नाही. करोनाच्या काळात सर्वांना माहीत झालेला एन-९५ मुखवटा चांगला, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी असल्यास कडेने हवा आत शिरते. मुखवटा हा शेवटचा उपाय आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात तो दहा तास कोणी लावून ठेवू शकत नाही, हे मी रुग्णांना आग्रह करून पाहिले आहे. पिशवी झटकताना आणि सँडर चालवताना मात्र तो लावावाच.

लहान दुकानाने कुठून सुरुवात करावी?

सर्व गोष्टी एकदम होत नाहीत. पुढील क्रमाने कराव्यात.

१. सर्वांत बारीक धूळ सँडर करतो, म्हणून पहिला खर्च त्याच्यावर करावा. भोके असलेला पॅड आणि धूळ ओढण्याची नळी जोडता येईल असा सँडर घ्यावा. त्याला बारीक गाळणी असलेला व्हॅक्यूम जोडावा.

२. शक्य ते घासकाम शेडबाहेर, वाऱ्याकडे पाठ न करता, वारा एका बाजूने येईल असे उभे राहून करावे.

३. कोरडा झाडू मारू नये. ओला भुसा टाकून मग झाडावे किंवा ओल्या पोत्याने पुसावे. कॉम्प्रेसरच्या हवेने जागा किंवा अंगावरचे कपडे झटकू नयेत. बसलेली धूळ त्याने पुन्हा हवेत जाते.

४. बारीक लाकडाची धूळ पेट घेते. पिशवीपाशी बिडी ओढू नये. लोखंड घासण्याच्या चाकाची नळी लाकडाच्या नळीला जोडू नये, ठिणगीने पिशवी पेटते.

५. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत. घरी गेल्यावर आंघोळीआधी लेकराला उचलून घेऊ नये.

६. जेवण आणि चहा शेडबाहेर, हात-तोंड धुऊन घ्यावा.

तंबाखूची धूळही धूळच

आपल्या जंगलातला तेंदूपत्ता बिडी कारखान्यांकडे जातो, आणि बिडीत भरायची तंबाखू कुटून, चाळून तयार होते. तंबाखूच्या धुळीने कामगारांचे डोके दुखते, पोट बिघडते, असे रामाझिनी यांनी त्याच ग्रंथात लिहून ठेवले होते. निपाणीच्या तंबाखू वखारींत काम करणाऱ्या स्त्रिया नाकातोंडाला पदर बांधून या धुळीत दिवस काढीत. त्यांच्या जीवनावर आणि लढ्यावर युगांतर या गटाने १९८२ साली माहितीपट केला होता. या धुळीत निकोटीन असते. ते श्वासातून जाते आणि घामट कातडीतूनही जाते. घरी बिड्या वळणाऱ्या भगिनींनी तंबाखू स्वयंपाकघरात चाळू नये. अंगणात, लेकरांपासून दूर चाळावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

खर्रा खाणाऱ्या कारागिरांनाही एक सांगणे आहे. धुळीने माखलेल्या हाताने खर्रा तोंडात टाकला, की लाकडाची धूळ, तंबाखू आणि चुना एकत्रच पोटात जातात. दम्याचा त्रास असणाऱ्याने बिडी तर सोडावीच. धूळ आणि धूर मिळून छातीचे नुकसान अधिक करतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

खोकला किंवा घरघर कामाच्या दिवशी वाढून सुटीत कमी होत असेल, एकाच बाजूची नाकपुडी महिनाभर बंद राहत असेल, त्याच बाजूने वारंवार रक्त येत असेल, किंवा वास येईनासा झाला असेल, तर वाट पाहू नये. नाक-कान-घशाच्या तज्ज्ञाकडून नाकाची आतून तपासणी करून घ्यावी. जाताना आपण कोणते लाकूड, कोणत्या मशीनवर, किती वर्षांपासून चिरतो आहोत, हे कागदावर लिहून न्यावे. दुकानात शिकाऊ मुलगा असेल तर त्यालाही सोबत न्यावे. त्याची फुंकर आज मोजून ठेवली, तर पुढे फरक पडल्यास लगेच कळेल.

पुढील आठवड्यात: उन्हात काम करणाऱ्यांनी पाणी आणि मीठ किती घ्यावे?